प्रकाशग्रस्तांची कैफियत

बसा, चहा येतोय. तोवर एक सांगा, रात्री गाडी चालवताना तुम्ही रस्ता शेवटचा कधी पाहिलात? रस्ता म्हणजे डांबर, कडेची पांढरी पट्टी, खड्डा, खड्ड्यातलं पाणी. समोरच्या गाडीचे दिवे नव्हेत. आठवत नाही ना? मलाही नाही. दिवस मावळला की आपण गाडी अंदाजपंचे हाकतो. रस्ता इथेच असणार, कारण काल इथेच होता आणि एका रात्रीत तो हलवण्याची तत्परता बांधकाम खात्याकडून अपेक्षित नाही. एवढ्या एका भरवशावर आपण घरी पोचतो.

या राज्यात धरणग्रस्त आहेत, प्रकल्पग्रस्त आहेत, अवकाळीग्रस्त आहेत. त्या प्रत्येकाच्या नावानं कुठे ना कुठे एक टेबल, एक फाईल आणि एक दाखला आहे. काम होत नसेल, पण फाईल आहे. आपल्या नावानं काहीच नाही. आपण प्रकाशग्रस्त आहोत. समोरच्याला सगळं लख्ख दिसावं म्हणून ज्यांचं दिसणं बंद झालं, असे आपण. आपला पंचनामाही होत नाही, कारण नुकसान करणारा दोन सेकंदांत निघून गेलेला असतो आणि नुकसान झालेल्याला त्याचा नंबर दिसलेला नसतो. नंबर न दिसणं हेच तर नुकसान.

मूळ व्यवस्था काय होती ते आधी पाहू, म्हणजे अन्यायाची खोली कळेल. मोटारीच्या पुढच्या दिव्याला अप्पर आणि डिप्पर अशा दोन अवस्था. हॅलोजनच्या बल्बवर ६०/५५ असं लिहिलेलं असतं. अप्पर साठ वॅटचा, डिप्पर पंचावन्नचा. फरक अवघा पाच वॅटचा, घरातला जुना झिरोचा बल्ब याहून जास्त वीज खातो. म्हणजे प्रश्न उजेडाच्या प्रमाणाचा नाहीच, दिशेचा आहे. डिप्परचा झोत खाली पडतो. वरच्या बाजूनं तो रेघ मारल्यासारखा कापलेला असतो. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात म्हणून तो डाव्या अंगाला जरा चढता ठेवतात. हेतू हा की कडेचा पायी चालणारा, सायकलवाला, म्हैस दिसावी आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांत काही जाऊ नये. आता हा उजवीकडून येणारा कोण? मी. कुठल्या तरी अनोळखी अभियंत्यानं माझ्या डोळ्यांचा इतका बारीक विचार केला होता, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला भरून आलं. माझा इतका विचार आमच्या नात्यातही कुणी केलेला नाही.

आणि हे सगळं अमलात आणायला चालकानं करायचं काय, तर स्टिअरिंगमागची एक दांडी एका बोटानं हलवायची. बस. चालत्या गाडीची काच खाली करून बाहेर थुंकायला याहून जास्त कष्ट पडतात, आणि ते कष्ट लोक आनंदानं घेतात.

माणूस विसरतो, असं तुम्ही म्हणाल. विसरू नये म्हणून तर मीटरमध्ये निळा दिवा पेटतो. गाडी कुठल्याही देशातली घ्या, अप्परची खूण निळीच. पण आपल्याकडे निळ्या दिव्याविषयी जनमत फार अनुकूल आहे. लाल पेटला की गॅरेज गाठायचं, पिवळा पेटला की पंप शोधायचा, निळा पेटला की छान दिसतो. माझ्या पुतण्याला मी विचारलं, बाळा, हा निळा दिवा कशाचा? तो म्हणाला, "काका, एसी चालू आहे त्याचा." त्याच्या गाडीत बसून मी पुण्याहून साताऱ्याला आलो. वाटेत मला थंडी वाजली नाही, समोरून येणाऱ्या प्रत्येकाला मात्र घाम फुटलेला असणार.

बरं, कंपनीनं दिलेला दिवा लोकांना पुरत नाही. पुण्यात नाना पेठेत जा, किंवा कुठल्याही जिल्ह्याच्या गावी ॲक्सेसरीजच्या दुकानात. हॅलोजन काढून एलईडी टाकून देणं हा तिथला मुख्य व्यवसाय. आता हॅलोजनची तार बल्बमध्ये नेमकी कुठे असते हे धरून बल्बमागचा आरसा घडवलेला असतो. त्या जागी वेगळ्याच घडणीचा एलईडी खोचला की आरशाचा हिशेब चुकतो, कापलेली रेघ विस्कटते आणि उजेड वाट फुटेल तिकडे जातो. झाडावर, फलकावर, आणि माझ्या चष्म्यावर. म्हणजे अशा गाडीनं डिप्पर केला तरी तो कागदोपत्रीच. दुकानदाराला हे मी शांतपणे समजावून सांगितलं. तोही शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "साहेब, गॅरंटी आहे. समोरच्याला काय दिसणारच नाय." खोटं बोलला असं मला म्हणता येत नाही.

शिक्षणाचा अभाव म्हणावं, तर तसंही नाही. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत हा प्रश्न असतो. रात्री अप्परवर गाडी चालवताना समोरून वाहन आलं तर काय कराल? एक पर्याय, डावी बाजू धरून चालत राहू. दुसरा, दिवा पुन्हा पुन्हा अप्पर-डिप्पर करू. तिसरा, ते वाहन निघून जाईपर्यंत डिप्परवर राहू. हा प्रश्न चुकलेला माणूस मला अद्याप भेटलेला नाही. तिसऱ्या पर्यायावर बोट ठेवून उत्तीर्ण झालेले हे लोक परवाना खिशात पडताच दुसरा पर्याय निवडतात आणि जन्मभर त्याच्याशी एकनिष्ठ राहतात. पुढची गाडी चालवण्याची चाचणीही दिवसाउजेडी. आठचा आकडा काढा, चढावर गाडी थांबवा, मागे घ्या, झालं. रात्र अभ्यासक्रमाच्या बाहेर आहे.

आता प्रत्यक्ष घटनास्थळी चला. सातारा ते रहिमतपूर, दुपदरी रस्ता, मध्ये दुभाजक नाही. समोरून एक गाडी येते. मी आधी डिप्पर करतो, हे कृपया नोंदवून घ्या. तो करत नाही. मी एकदा दिवा लुकलुकवतो. माझ्या बाजूनं हा विनंती अर्ज. त्याच्या बाजूला तो आव्हान म्हणून दाखल होतो. आपल्याला कुणीतरी काहीतरी म्हटलं, एवढंच त्याला कळतं. मग तो राखीव दल बाहेर काढतो. बंपरखालचे फॉग लॅम्प, बंपरवरचे दोन जादा दिवे, आणि माणूस खानदानी असेल तर टपावरची एलईडीची पट्टी. धुकं नसतं. धुकं असतं तेव्हा यातलं काहीही लागलेलं नसतं, तेव्हा तो चारी इंडिकेटर लावून सुसाट जातो.

ताशी साठच्या वेगानं गाडी सेकंदाला जवळपास सतरा मीटर पुढे सरकते. तीन सेकंद डोळ्यांपुढे पांढरं झालं की पन्नास मीटर रस्ता मी निव्वळ स्मरणशक्तीवर कापतो. माझी स्मरणशक्ती कशी आहे ते आमच्या घरी विचारा. कोथिंबीर आणायला सांगितली की मी कढीपत्ता घेऊन येतो. त्या स्मरणशक्तीच्या हवाली चार माणसं आणि डिकीतला तांदूळ. शिवाय डोळ्याला अंधार पूर्ण सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि वय वाढेल तसं भिंगात उजेड जास्त फाकतो. आपल्या रस्त्यावर पुढची गाडी वीस सेकंदांत हजर. काटेकोरपणे बोलायचं तर सातारा सोडल्यापासून रहिमतपूर येईपर्यंत मी एकदाही पूर्ण क्षमतेनं बघत नसतो. तरी विमा कंपनी हप्ता पूर्ण घेते.

जुने ड्रायव्हर असे नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. ॲम्बॅसिडरमध्ये डिप्परचं बटण खाली पायाशी असायचं, क्लचच्या डावीकडे. समोर दिवा दिसला की डावा पाय आपोआप तिकडे जायचा आणि खट् असा आवाज यायचा. मागे झोपलेल्या पोरांनाही त्या आवाजावरून कळायचं की समोरून कुणीतरी आलं आणि आपण त्याचा मान राखला. रात्रीच्या एसटीचा ड्रायव्हर घाटात समोरच्या एसटीला डिप्पर द्यायचा. तोही द्यायचा. त्यात नमस्कार असायचा, पुढची वाट मोकळी आहे हे असायचं, आणि गरज पडली तर पुढे मामा उभे आहेत हेही असायचं. आज एका लुकलुकीचा अर्थ एकच उरला आहे: मी येतोय, तू मर.

ट्रकवाल्यांनी तर हे लेखी दिलं होतं. गाडीच्या पाठीवर, लिंबू-मिरच्यांच्या शेजारी, ‘यूज डिप्पर ॲट नाईट’. एवढ्या वर्षांत या देशात सर्वाधिक वेळा रंगवलं गेलेलं आणि सर्वात कमी पाळलं गेलेलं वाक्य असेल तर ते हेच. त्याच्या वरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ मात्र लोकांनी इतक्या मनापासून पाळलं की २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्याला ते पुसायला सांगावं लागलं. डिप्परच्या वाक्याला कुणी हात लावला नाही. त्याच्यापासून कुणालाच उपद्रव नव्हता. पुढे २०१६ मध्ये टाटा मोटर्सनं ट्रकचालकांच्या आरोग्यासाठी एक मोहीम काढली आणि निरोधाला नाव दिलं ‘डिप्पर’. जाहिरातीचं वाक्य वेगळं लिहायची गरजच नव्हती, ते आधीच लाखो ट्रकांवर छापलेलं होतं. मोहीम चांगली होती, माझी हरकत नाही. पण आता कुणाला ‘दादा, रात्री डिप्पर वापरा’ असं म्हणायची सोय राहिलेली नाही. मी एकदा म्हणालो. त्यांच्या मिसेस शेजारी बसल्या होत्या.

आणि दिव्यांवर काळा रंग असायचा, आठवतो? १९७१ च्या युद्धात ब्लॅकआऊटसाठी मोटारींचे दिवे काळे केले होते. पण त्यानंतरही कित्येक वर्षं हेडलाईटच्या काचेवर मधोमध काळा ठिपका किंवा वर काळा पट्टा दिसायचा. कधी डांबरानं, कधी बुटाच्या पॉलिशनं. दिसायला ओबडधोबड, पण काम चोख. गाडीला दृष्ट लागू नये म्हणून तो लावतात असं मला लहानपणी वाटायचं. खरं तर तो माझ्या दृष्टीसाठी होता. हल्ली दृष्ट लागू नये म्हणून मागे काळी बाहुली टांगतात, पुढचा ठिपका गेला.

इथवर मी माणसांविरुद्ध बोललो. माणसाला निदान शिव्या देता येतात. आता यंत्राकडे वळतो, आणि इथे माझ्या तक्रारीला प्रतिवादीच सापडत नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका सद्गृहस्थांनी नवी गाडी घेतली. माणूस सज्जन. वर्गणी वेळेवर देतात, लिफ्टमध्ये आधी दुसऱ्याला सोडतात. गाडीत कॅमेरा आहे, आणि तो समोरचे दिवे ओळखून अप्परचा डिप्पर आपला आपण करतो. मी एकदा त्यांना रस्त्यात समोरासमोर भेटलो, म्हणजे त्यांनी मला भाजून काढलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात म्हणालो, "साहेब, काल रात्री तुमचा अप्पर चालू होता."

"छे हो, ऑटोवर असतो. गाडी स्वतःच ठरवते."

"तिनं काल ठरवलं नाही."

"मग गरज नसेल."

बघा. ‘मग गरज नसेल.’ गरज कुणाला होती याची चौकशीच नाही. दांडी हाताखाली होती तोवर त्यांना निदान ओशाळावं तरी लागलं असतं. आता निर्णय वरून होतो. त्यांचं बोट मोकळं, मन मोकळं, आणि डोळे फक्त माझे बंद. गाडीबरोबर आलेल्या जाडजूड पुस्तकात हे लोक बारीक अक्षरात लिहून ठेवतात की ही सोय केवळ मदतीला आहे, जबाबदारी चालकाचीच. पण ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत, डॅशबोर्डच्या कप्प्यात, सत्यनारायणाच्या पूजेतल्या सुपारीखाली आहे.

आणि हे काही कालचं नवल नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सनं १९५२ मध्येच कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिलच्या डॅशबोर्डवर ‘ऑट्रॉनिक आय’ नावाचा एक डोळा बसवला होता. समोरून उजेड आला की तो आपोआप डिप्पर करायचा. म्हणजे सत्तर वर्षांहून जास्त काळ जगातले हुशार लोक एका बोटाचं काम वाचवण्याच्या मागे आहेत. २०१३ मध्ये आउडीनं ए-८ मध्ये असा दिवा आणला की त्याचे बारके बारके एलईडी सुटे सुटे विझतात आणि समोरच्या गाडीपुरता अंधार कोरून ठेवतात, बाकी सगळीकडे अप्पर. मला त्या अंधाराबद्दल फार कुतूहल आहे. माझ्या मापाचा, माझ्यासाठी कोरलेला अंधार. तो अजून रहिमतपूरच्या रस्त्यावर आलेला नाही.

इथे आलंय ते साधं, कॅमेऱ्याचं. आणि कॅमेरा दिवा बघून दिवा विझवतो, ही त्यातली मेख. समोरचा दिवा दिसला तर हा विझणार. घाटातल्या वळणावर तो दिसतो कधी? गाडी वळून तोंडासमोर आली की. म्हणजे आधी मी आंधळा होणार, मग कॅमेऱ्याला मी दिसणार, मग तो विचार करणार, मग डिप्पर. तोपर्यंत मी पुढच्या वळणाला लागलेला असतो, बहुधा. चढाच्या माथ्यावरही तसंच. जुना एसटी ड्रायव्हर समोरच्या कड्यावर पडलेला नुसता उजेड बघून, गाडी दिसायच्या आत डिप्पर करायचा. त्याला अपडेट लागत नव्हता.

आणि ज्याला दिवाच नाही त्याचं काय? कार्तिक लागला की आपल्याकडे ऊस निघतो. कारखान्याच्या रस्त्याला ट्रॅक्टर, त्याला मागे दोन ट्रॉल्या, वर डोंगरासारखा ऊस, आणि मागे दिवा असेलच असं नाही. रेडियम चिकटवलेलं असतं, पण त्यावर उसाचं पाचट लोंबतं. बैलगाडीला तर पुढूनही काही नाही. कॅमेऱ्याच्या लेखी हे सगळे अनुपस्थित. रस्ता मोकळा, अप्पर मंजूर! बैलांच्या डोळ्यांत तो झोत गेला की ते जागच्या जागी उभे राहतात. गाडीवान शिव्या देतो, सायकलवाला कठड्याला धरून थांबतो, पायी चालणारा पदर नाहीतर हात डोळ्यांवर घेतो. यांच्यापैकी कुणाकडेही कॅमेऱ्याला पटेल असा पुरावा नाही. दिवा दाखवा, मग तुमची दखल घेऊ. उलट काही ट्रॅक्टरांना नांगरटीसाठी मागच्या अंगाला पांढरा झगझगीत दिवा असतो आणि तो रस्त्यावरही चालूच राहतो. तेव्हा मागून जाणाऱ्या मला वाटतं, समोरून कुणीतरी अप्परवर येतंय. मी डिप्पर करतो आणि वाट बघतो. तो येतच नाही. कारण तो माझ्याच पुढे, माझ्याच दिशेनं, ताशी बाराच्या वेगानं कारखान्याला चाललेला असतो.

त्या सज्जन गृहस्थांच्या गाडीला आणखी एक गुण आहे. गाडी बंद करून कुलूप लावलं तरी दिवे लगेच विझत नाहीत. मालकाला जिन्यापर्यंत उजेड मिळावा म्हणून काही वेळ ती मागे दिवा धरून उभी राहते. पूर्वी हे काम घरगडी कंदील घेऊन करत. कल्पना मायेची आहे, पण आमचं घर तळमजल्यावर आहे आणि त्यांची पार्किंगची जागा आमच्या हॉलच्या खिडकीसमोर. रोज रात्री साडेदहाच्या सुमाराला भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोवर एकाएकी पांढरा झोत पडतो. पहिल्या रात्री आईनं हात जोडले. दुसऱ्या रात्री उदबत्ती लावली. तिसऱ्या रात्री मी तिला खरं काय ते सांगितलं, तेव्हापासून ती त्या गृहस्थांशी बोलत नाही आणि माझ्याशीही जेवढ्यास तेवढं बोलते. जिना खिडकीपासून दहा पावलांवर आहे. तिथे सोसायटीचा दिवा असतो. त्याच्या विजेचं बिल मीही भरतो.

दुचाकीचं राहिलंच. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाईट इंजिन सुरू होताच लागतो. बंद करायचं बटणच नाही. दिवसाही समोरच्याला दुचाकी दिसावी, हा त्यातला विचार, आणि तो पटण्यासारखा आहे. पण आपल्या समाजाला दुसऱ्याचा दिवा दिवसा चालू राहिलेला सहन होत नाही. कुणीतरी सिग्नलला थांबून मूठ उघडमीट करून दाखवतो. रिक्षातून एखादी आजी ओरडते, "अरे बाळा, लाईट चालूय!" पलीकडून बुलेटवाला दिव्याकडे बोट दाखवतो. भर उन्हात, कुणाच्याही डोळ्याला ज्याचा त्रास नाही, जो बंद करणं कायद्यानं आणि यंत्रानं दोन्हींनी अशक्य आहे, अशा दिव्यासाठी अख्खं गाव कळकळीनं धावून येतं. तीच माणसं रात्री अप्पर लावून माझ्या अंगावर येतात. तेव्हा मी मूठ उघडमीट केली तर त्यांना वाटतं मी टाटा करतोय.

एक फिरकी चाकही असतं, माहीत आहे? बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगच्या बाजूला, गुडघ्याच्या वर, शून्य ते तीन आकड्यांचं. मागे माणसं आणि सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं, आणि मग डिप्परसुद्धा समोरच्याच्या कपाळावर पडतो. चाक फिरवलं की झोत खाली येतो. मी हे लग्नाच्या एका वऱ्हाडात सगळ्या गाड्यांना सांगत फिरलो. पाचजण आणि रुखवत भरलेली गाडी शून्यावर होती. चालक म्हणाले, "ते रेडिओचं असेल म्हणून कधी हात नाही लावला." 

या सगळ्या यंत्रणेत खरोखर काम करणारा घटक मला एकच सापडला, आणि तो म्हणजे कण्हेर. हमरस्त्याच्या दुभाजकावर ती लावतात. पलीकडच्या बाजूचा उजेड ती अडवते, पाणी फारसं मागत नाही आणि विषारी असल्यामुळे शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. तिला सेन्सर नाही, ती ऑटोवर नाही आणि गरज नसेल असं कधी म्हणत नाही. पण हॉटेलवाल्यांना गिऱ्हाईक वळवायला वाट हवी असते, म्हणून ते दुभाजक फोडतात आणि त्याबरोबर कण्हेरही जाते. त्या फटीतून जो झोत येतो तो सगळी कसर भरून काढतो.

मी शेवटी कायदा काढून बसलो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, नियम क्रमांक १०६. त्यात म्हटलंय की गाडीच्या पुढच्या दिव्याचा झोत असा खाली वळवलेला असावा की दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, अशा व्यक्तीचे डोळे दिपू नयेत. पुन्हा वाचा. शासनाच्या डोळ्यांसमोर एक माणूस आहे. त्याची जागा ठरलेली आहे, अंतर ठरलेलं आहे, डोळ्यांची उंचीसुद्धा ठरलेली आहे. फक्त तो माणूस कुठे दिसत नाही. १९८९ पासून त्या पदाला मंजुरी आहे आणि भरती झालेली नाही.

तरी या पदासाठी मी अर्ज करत आहे. प्रत्येक टोलनाक्यावर एक याप्रमाणे माणसं नेमावीत, गाडी आली की त्यांनी आठ मीटर पुढे उभं राहावं आणि दिपलं की नाही हे सांगावं. वेतनाबाबत आग्रह नाही. रात्रपाळीचा भत्ता आणि दर सहा महिन्यांनी चष्म्याचा नंबर तपासून मिळावा. अनुभवाच्या रकान्यात काय लिहायचं हा प्रश्न नाही, जागा पुरेल का हा आहे. नेमणूक होईपर्यंत मी काम घरूनच सुरू केलं आहे. आमच्या खिडकीपासून त्या गृहस्थांच्या गाडीच्या दिव्यांपर्यंतचं अंतर टेप लावून मोजलं, बरोब्बर आठ मीटर भरतं. घराचं जोतं एक फुटाचं असल्यामुळे उभं राहिलं की डोळे नियमापेक्षा वर जातात, म्हणून मी खुर्चीवर बसतो. तपासणी रोज रात्री साडेदहाला होते. साक्षीदार म्हणून तुम्हीही या, दुसरी खुर्ची आईची आहे, ती आजोबांच्या फोटोखाली ठेवली आहे.